रविवारचा रंधा

तमाम वाचकांना, पालकांना, आणि विशेषतः शाळेत पन्नास शब्दार्थ पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरलेल्या सर्व सज्जनांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, सातवी ‘ब’च्या वर्गात यापुढे कोणत्याही इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ फळ्यावर लिहिला जाणार नाही, तोंडी सांगितला जाणार नाही आणि रडून मागितला तरी मिळणार नाही. शब्द ज्याचा त्याने घरून आणायचा आहे. हुकमावरून, परुळेकर बाई.

हा हुकूम मी दर जूनमध्ये खुर्चीवर उभी राहून वाचते. खुर्ची जुनी आहे आणि मी हलकी नाही. बाई आता पडतात की मग पडतात, या धास्तीने पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी श्वास रोखून ऐकतात. शिक्षकाला एवढं लक्ष एरवी कुठे मिळतं? वर्गात थोडी भीती असावी, पण ती माझ्या पडण्याची असावी, इंग्रजीची नको, असं माझं धोरण आहे. पुढे या हुकमापायी सगळ्यात जास्त मीच घाबरले, ती हकिकत सांगायला आज बसले आहे.

आमची शाळा लालबागमधली, मराठी माध्यमाची. बाहेरच्या माणसाला वाटतं, इंग्रजी शिकवणं म्हणजे व्याकरण. व्याकरण पोरं कशीबशी गिळतात. अडतं ते शब्दांपाशी. पोराला सांगितलं की ‘फ्रॅजाइल’ म्हणजे नाजूक, की ते ‘नाजूक’ तेवढं लक्षात ठेवतं आणि दुसरा सोडून देतं. त्याचं काय चुकलं? नाजूक त्याच्या घरातला, दुसरा परका. परक्याला घरात बसवायचं तर आधी त्याची कोणाशी तरी ओळख करून द्यावी लागते. म्हणून माझा नियम असा की शब्द आणायचा म्हणजे नमुना आणायचा. ‘सावर’ आणायचा तर कोकम आणा, वर्गभर चाटवा, सगळ्यांची तोंडं वाकडी झाली की मग शब्द सांगायचा. त्या वाकड्या तोंडात तो कायमचा राहायला येतो.

यात धोके आहेत. ‘स्टिकी’च्या दिवशी एकाने गावाहून आलेला फणस आणला. कापलेला. त्याचा चीक आमच्या मोठ्या बाईंच्या खुर्चीच्या हातावर कसा पोचला, ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या उठायला गेल्या तेव्हा खुर्चीही थोडी उठली. तो शब्द त्या वर्गातलं एकही पोर विसरलं नसेल, मोठ्या बाई तर नाहीच.

तर त्या वर्षी संक्रांत झाल्यावर मी आवाजांचे शब्द घेतले. आवाजांच्या बाबतीत मराठी पोराला काय शिकवायचं? करकर, कुरकुर, खडखड, फुसफुस, आपल्याकडे आवाजांना तोटा नाही. इंग्रजीतही तसंच आहे. कुकरची वाफ ‘हिस’ करते, सैल पंखा ‘रॅटल’ करतो, जड पिशवी जमिनीवर पडली की ‘थड’. मी पोरांना सांगितलं, घरी जा, डोळे मिटून बसा, आणि घरातला एक आवाज घेऊन या. मोबाइलमध्ये भरून नाही. तोंडाने काढून दाखवायचा. आधी आवाज, मग शब्द.

दुसऱ्या दिवशी वर्ग म्हणजे सर्कस होती. एकाने पंखा आणला, एकीने शेजारच्या काकांचं घोरणं आणलं, ते इतकं हुबेहूब होतं की ते काका कोण हे तिघांनी ओळखलं. मग स्वरा गावडे उठली. ही पोरगी इंग्रजीच्या तासाला कधी तोंड उघडत नसे. उभं केलं की नजर बुटांवर. त्या दिवशी तिने डोळे मिटले आणि घशातून लाकूड लाकडावर घासल्याचा असा काही आवाज काढला की शेवटच्या बाकावरच्याने मागे वळून दाराकडे पाहिलं.

“काय आहे गं हे?” मी विचारलं.

“आमचं दार, बाई.”

मी खुश. ‘क्रीक’ असा शब्द टाळ्यांच्या गजरात फळ्यावर चढला. पुढे तन्वी उठली, तिने आणलं दार. मग प्रथमेश उठला, त्याने आणलं दार, फरशीवर घासणारं. ‘स्क्रेप’ म्हणून तेही मी लिहिलं, पण मनात म्हटलं, मंडळी मधल्या सुट्टीत भेटलेली दिसतात. तिघं एकाच इमारतीत राहतात हे मला माहीत होतं. शाळेच्या मागच्या गल्लीतली लाकडी गॅलरीची जुनी चाळ, तीन मजली.

“तिघांनी एकच नमुना आणलाय,” मी लटक्या रागाने म्हटलं. “उद्या दुसरा आणायचा. आणि दाराचं नाव नको.”

उद्या आला. स्वराने ओठ किंचित उघडे ठेवून सरसर असा बारीक आवाज काढला. थांबली. परत काढला.

“डब्यात तांदूळ ओतल्यासारखा वाटतोय,” पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“हो. पण कोण ओतत नाही,” स्वरा म्हणाली. “स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या मागे, भिंतीत. आपलं आपणच पडतं.”

‘ट्रिकल’, मी लिहिलं. तन्वीने जीभ टाळूला लावून टच्‌ असा आवाज केला. तो तिच्या घरातल्या फरशीचा. दुपारी कोणी चालत नसताना होतो. ‘क्रॅक’, मी लिहिलं. प्रथमेश तळमजल्यावर राहतो. तो सगळ्यात मोठा नट. त्याने पोट आत ओढलं आणि एक खोल, लांबलचक कण्हणं काढलं. वर्ग हसून लोळला.

“हे कोण? आजारी आहे का कोण घरी?”

“नाही बाई. जिन्याखालून येतं. रोज संध्याकाळी, मागच्या भिंतीवरचं ऊन गेलं की. मम्मी म्हणते, घूस असेल.”

‘ग्रोन’. तो लिहून मी हात झटकले आणि फळ्यावर नीट बसलंय ना अक्षर, ते बघायला दोन पावलं मागे आले. आणि तिथेच थांबले. क्रीक, स्क्रेप, ट्रिकल, क्रॅक, ग्रोन. पाच शब्द एकाखाली एक. मागे पोरं अजून प्रथमेशचं कण्हणं काढत होती, एकाला दुसरा उत्तर देत होता, आणि मला दिसलं, पाचही आवाज एकाच इमारतीतले होते.

मी आवाज शक्य तितका साधा ठेवून स्वराला विचारलं, “तुमचं दार कधीपासून अडतं गं?”

“अडत नाही बाई. बाबा रंधा मारतात ना.”

“कधी मारतात?”

“आधी गणपतीच्या आधी एकदा मारायचे. मग दिवाळीला पण मारायला लागले. आता दर रविवारी मारतात. सगळ्यांच्याच दारांना.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता तिघांबरोबर त्यांच्या चाळीत गेले. पोरं आनंदाने उड्या मारत पुढे, बाई घरी येतायत म्हणून. मी मागे. जिना चढताना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकेका पायरीवर पाय आधी टेकवून, मग वजन टाकून चढले.

स्वराचे बाबा, जयवंत गावडे, परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात कामाला. चाळीचे सेक्रेटरी. उंच, हसतमुख, आणि कोणाचंही काम अंगावर घेणारा माणूस. कोणाचा नळ गळो, कोणाची ट्यूब उडो, हाक गावडेंना. त्यांचे वडील गिरणीत सुतारखात्यात होते. त्यांचा रंधा यांच्याकडे आला होता. सागवानी, हाताच्या तळव्याने गुळगुळीत झालेला. त्यांनी तो मला फडक्यातून काढून दाखवला, आपण पाहुण्याला नवं बाळ दाखवतो तसा.

“आमच्या चाळीत सुताराला पैसे द्यावे लागत नाहीत, बाई. रविवारी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पोहे मात्र प्रत्येक घरात खावे लागतात.”

“दारं एवढी का अडतात, गावडे?”

“लाकूड हवा खातं ना. दमट हवा. फुगतं.”

“आता थंडी आहे.”

“थंडीत आकसतं.”

“मग थंडीत दार सैल व्हायला हवं.”

ते रंध्याचं पातं अंगठ्याने चाचपायला लागले. “यंदा नाही झालं सैल,” ते म्हणाले.

मी त्यांच्या दाराकडे पाहिलं. वरची कड तिरकी कापलेली होती. एका बाजूला पुरी, दुसऱ्या बाजूला बोटभर कमी. मी गॅलरीत आले आणि त्या मजल्यावरची सगळी दारं पाहिली. प्रत्येक दार तसंच, आणि एकाच बाजूला उतरतं, मागच्या भिंतीच्या बाजूला. रांगेत उभ्या पोरांना मी मान कलती करायला सांगावी आणि सगळ्यांनी एकदम करावी, तशी. इमारत मागच्या बाजूला बसत चालली होती, चौकटी तिच्याबरोबर वाकड्या होत होत्या, आणि हा भला माणूस दर रविवारी दारं त्या वाकड्या चौकटींना बेतून देत होता. इतकं चोख बेतून देत होता की कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

मी हे त्यांना बोलून दाखवलं. मोठ्याने बोलले असणार, कारण वर्गात बोलून बोलून मला हळू बोलता येत नाही. शेजारच्या दारातून तन्वीची आई झपाट्याने बाहेर आली.

“बाई, हळू. पाया पडते तुमच्या.”

“अहो, पण तुम्ही ऐकताय ना रोज?”

“ऐकतो की. बहिरे नाही आम्ही.” ती माझ्या अगदी जवळ आली. “पण एकदा कोणी येऊन बघून गेलं की खाली करायला लावतात. पलीकडच्या चाळीतले गेले होते, दोन वर्षांत परत आणतो म्हणाले. त्यांच्या पोरांची लग्नं ट्रान्झिट कॅम्पात लागली. इथून उठलो की लालबाग संपलं आमचं. तुम्ही इंग्रजी शिकवा बाई, हे राहू द्या.”

तेव्हा मला कळलं की त्या चाळीत भीती नव्हती असं नाही. भीती दोन होत्या. एक पडण्याची, एक निघण्याची. आणि दुसरी रोजच्या ओळखीची असल्यामुळे पहिलीपेक्षा मोठी होती. सगळ्यांनी मिळून, कोणीही न ठरवता, ऐकू न येण्याचं ठरवलं होतं. पोरांना तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. आणि पोरांना मी सांगितलं होतं की डोळे मिटून बसा आणि ऐका.

घरी दादरला येऊन मी आमच्या घराचं दार दहा वेळा उघडून लावलं. नवरा म्हणाला, “काय चाललंय?” मी म्हटलं, “काही नाही, शब्द शोधतेय.”

मी इंग्रजीची शिक्षिका. मी इमारतीबद्दल बोलले तर माझं कोण ऐकणार? पण एक गोष्ट मला येते, ती म्हणजे तमाशा उभा करणं. आणि लालबागच्या चाळीला एक गोष्ट नाकारता येत नाही, ती म्हणजे पोरांचा कार्यक्रम. मी जाऊन जाहीर केलं की शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सातवी ‘ब’ सादर करत आहे आवाजांचा खेळ. गणपती मंडळाने सतरंज्या दिल्या. माईक मी नको म्हटलं. वेळ मी प्रथमेशला विचारून ठरवली होती, पण ते कोणाला सांगितलं नाही. मागच्या भिंतीवरचं ऊन कधी जातं, एवढंच त्याला विचारलं.

सगळी चाळ खाली उतरली. मला आधी तेच हवं होतं. पांघरुणात गुंडाळलेली म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्यांवर आणून बसवली होती, कारण पोरं स्टेजवर असली की घरी राहायला कोण तयार होतं? इमारतीत कोणी राहिलं नाही ना, हे मी हजेरी घेतल्यासारखं दारोदार विचारून घेतलं होतं.

खेळ असा की पोरांनी आवाज काढायचा आणि चाळीने तो कोणाच्या घरातला ते ओळखायचं. मग आम्ही त्याचं इंग्रजी नाव सांगायचं. ‘हिस’ झाला, ‘रॅटल’ झाला. स्वराने शर्र शर्र असा आवाज काढला तेव्हा एकच ओरडा झाला, “गावडेंचा रंधा.” गावडे उठून नमस्कार करते झाले. मग तांदूळ ओतल्याचा आवाज आला. हसणं जरा कमी झालं. फरशीचा टच्‌ आला. पुढे बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि न पाहिल्यामुळेच मला समजलं.

“आता शेवटचा,” मी म्हटलं. “हा फार हळू आहे. सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प बसायचं. मोबाइल बंद. पोरगं रडलं तर तोंडात खाऊ घाला.”

लालबागची गल्ली गप्प बसलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. प्रथमेशने पोट आत ओढलं आणि कण्हला. लांब, खोल. आणि थांबला.

आणि इमारतीने उत्तर दिलं.

तसंच, पण मोठं. जिन्याखालून सुरू झालं, मागच्या बाजूने वर चढत गेलं आणि कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर संपलं. मी स्वतः ही वेळ ठरवली होती, तरी मी प्रथमेशचा दंड घट्ट धरला. घरात कोणी चालत नव्हतं, भांडं पडलं नव्हतं, दार कोणी ढकललं नव्हतं. सगळी चाळ इथे सतरंजीवर बसली होती.

तन्वीच्या आईने पोरीला जवळ ओढलं. “मी आज वर जात नाही,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. पण ते एकदा बोललं गेल्यावर मग सगळे एकदम बोलायला लागले.

तो शनिवार-रविवार सगळी बिऱ्हाडं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये राहिली. मोठ्या बाईंनी किल्ली मुकाट्याने काढून दिली. फणसाचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. सोमवारी महापालिकेचे इंजिनिअर आले, मागे टेकू लावले, इमारत रिकामी ठेवा म्हणाले आणि सामान काढायला थोडीथोडी माणसं आत सोडायला लागले. एक माणूस सोडून सगळे निघाले.

तो माणूस म्हणजे जयवंत गावडे. पोलिसांनी हटकलं की खाली यायचे, पाठ फिरली की वर जायचे. मी गल्लीत उभी राहून खालून ओरडले, तर गॅलरीच्या कठड्याला टेकून अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, दार लागत नाही. कोयंडा कडीपर्यंत पोचत नाही. कुलूप न लावता घर सोडून जाऊ का? उघडं घर म्हणजे सोडलेलं घर. उद्या म्हणतील, इथे कोणी राहतच नव्हतं. एकदा रंधा मारतो, कुलूप घालतो, आणि येतो.”

“मारा मग आणि या.”

“रंधा सापडत नाही.”

स्वरा माझ्या शेजारी उभी होती. तिचं दप्तर पाठीवर नव्हतं, पोटाशी होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. त्या दप्तरातून पुस्तकांचा चौकोन दिसत नव्हता, दुसराच काहीतरी आकार दिसत होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने बुटांकडे पाहिलं.

“रंधा असला तर ते दार नीट करतील,” ती पुटपुटली. “दार नीट झालं तर ते राहतील, बाई. म्हणतील, बघा, लागतंय की दार.”

इतक्या वर्षांत इतकं बरोबर उत्तर मला वर्गात कोणी दिलेलं नाही.

तिने मला आणखी एक सांगितलं. बाबा साध्या मराठीत बोलतात तोवर ठीक असतं, म्हणाली. घाबरले की मालवणीत जातात. आजी गेली तेव्हा गेले होते. “आता अजून मराठीतच बोलतायत,” ती म्हणाली, आणि ते ऐकून मला आणखीच भीती वाटली. त्या माणसाला अजून भीती वाटलेलीच नव्हती.

शेवट सांगण्याआधी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण नंतर सांगायला जागा नाही. तन्वीच्या आईचं म्हणणं खोटं ठरलं नाही. त्या चाळीतली कुटुंबं आज लांबलांब पांगली आहेत. तिथून लालबागची शाळा कोणाला परवडते? सातवी ‘ब’ची ती तीन पोरं आठवीत माझ्या वर्गात नव्हती. शिक्षकाच्या हातून पोरं जातात तशी गेली असती तर गोष्ट वेगळी. ही मी बोट धरून बाहेर काढली आणि बाहेरच राहिली. तन्वीची आई मला बाजारात भेटली की बोलते, हसते, पण या घरी म्हणत नाही. घर कुठे आहे ते सांगावं लागेल म्हणून असेल. मी परत तसंच करेन का, असं मला कोणी विचारलं तर हो म्हणेन. पण लगेच म्हणणार नाही.

त्या दुपारी स्वराने वर निरोप पाठवला. निरोप म्हणजे खालून ओरडली. इंग्रजीच्या तासाला ज्या पोरीचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, तिने अख्खी गल्ली हलवली. “बाबा, रंधा माझ्याकडे आहे. पाहिजे तर खाली या.”

गॅलरीत गावडे दिसले. “टाक वर.”

“टाकणार नाही. पडला तर पातं मोडेल.”

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बापाला काय जिवापाड आहे, ते तिला ठाऊक होतं. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. मी प्रत्येक पाऊल मोजल्यासारखी ऐकत होते, आणि मधलं एखादं पाऊल उशिरा पडलं की ते मीच मनातल्या मनात टाकत होते. ते बाहेर आले, टेकूंना वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी आले. चिडलेले होते. दार वर उघडंच होतं, रस्त्यावरून दिसत होतं. दुसरा मजला, पलीकडून तिसरं दार.

“दे इकडे.”

“नाही.”

“स्वरा, दे म्हटलं ना. बाई, तुम्ही तरी सांगा हिला.”

“मी काय सांगू? तो तिचा नमुना आहे,” मी म्हटलं. “सातवी ‘ब’च्या नियमाप्रमाणे नमुना परत मागता येत नाही.” असा कोणताही नियम नाही. मला फक्त वेळ काढायचा होता. तेवढं मला येतं.

“गंमत नको बाई. दार उघडं आहे माझं.”

त्यांनी दप्तराचा पट्टा धरला. तिने दप्तर सोडलं नाही. बाप ओढतोय, लेक ओढतेय, मी मधे हात घालून दोघांना काहीबाही बोलतेय, पोलीस शिट्टी वाजवत येतोय, अशी आमची झटापट चालू असताना मागून आवाज आला.

त्या आवाजाचा शब्द मी वर्गात आजवर विचारलेला नाही, आणि विचारणारही नाही. आवाजाआधी पायांना कळलं. जिना आणि त्यामागची सगळी बाजू, स्वयंपाकघरं, मोऱ्या, मांडण्या, एकदम खाली बसली. एवढी मोठी गोष्ट इतक्या पटकन होते हे मला माहीत नव्हतं. मग धूळ आली. त्या धुळीत मी स्वराला चाचपलं, ती होती. तिच्या दप्तराला चाचपताना एक मोठा हात लागला. तोही होता. कुठेतरी वरून बराच वेळ सरसर काहीतरी ओघळत राहिलं, डब्यात तांदूळ ओतल्यासारखं.

धूळ विरळ झाली तेव्हा पुढची गॅलरी तेवढी उभी होती. मागे काही नव्हतं. तीन मजल्यांची दारं रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि फटींतून पलीकडचं आकाश दिसत होतं. ज्या जिन्यावरून तो माणूस आत्ता उतरून आला होता, तो जिना नव्हता. गावडे वर बघत होते. त्यांचा हात अजून दप्तराच्या पट्ट्यावर होता. स्वराचा त्यांच्या हातावर होता.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं पलीकडून तिसरं दार हललं. वारा नव्हता, कोणी ढकलायला नव्हतं. चौकट कशी वळली असेल ती असो, ते दार सावकाश फिरलं, आणि टक्‌ असा नेमका, नीट आवाज करून चौकटीत बसलं.

गल्लीतली सगळी माणसं तोंडावर हात धरून उभी होती. जयवंत गावडे मोठ्याने म्हणाले,

“लागला गो, स्वरा. रंधो न मारता लागला.”